सोबत आलेलं

अथर्वकाकांच्या डोक्यात जागा उरली नव्हती. सकाळी त्यांच्या कानामागचा तांबडा ठिपका लुकलुकला, आणि चहाचा घोट घशाखाली उतरेना. तन्वीकाकूंनी नवऱ्याला तडक दवाखान्यात आणलं.

मेंदूला झटका बसलेली माणसं आता कोशावर जगतात. कोश म्हणजे कवटीत बसवलेली नखाएवढी साठवण. मेंदूचं जे काम बंद पडलं, त्याचा गठ्ठा तिच्यात भरायचा. चालण्याचा एक, गिळण्याचा एक. पण गठ्ठा कधी एकटा येत नाही. लग्नाच्या पाहुण्यासारखा चार सोबती घेऊन येतो, आणि तेही मेले जागा खातात!

"काकू, गिळण्याचा जुना गठ्ठा बाद झालाय," डॉ. ईरा माळी म्हणाली. "नवा दुपटीनं मोठा आहे. जागा करायला हवी, नाहीतर नाकात नळी."

"नळी नको गं बाई. काय काढायचं ते काढ."

"आधी सगळ्या गठ्ठ्यांच्या राखीव प्रती पुसते. मग मात्र मागं फिरता येत नाही."

"पूस."

तेवढ्यानं भागेना. डॉक्टरनं यादी चाळली. "जवारीचा गठ्ठा बराच मोठा आहे."

काकूंचा जीव तुटला. अख्ख्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावावी ती काकांनी. तारांखालच्या घोडीवर असे हलकेच कानस फिरवायचे, की तार घुमायला लागायची. पण आता हातच थरथरत होते. माणूस जेवला तर पाहिजे ना?

"काढ," काकू म्हणाल्या.

यंत्रानं जवारी काढली आणि मागोमाग केर काढला. त्याचा नियम साधा आहे. नाव घेऊन मागितलेलं राहतं. दुसऱ्याच्या सोबत आलेलं, आणि आता कुणालाच न लागणारं, ते निराधार, ते जातं. कुणाला विचारत नाही की सांगत नाही.

जवारीसोबत आवाज ओळखणारी स्वरपारख आली होती. तीही केरात गेली. झटक्यानंतर काकांना चेहरे ओळखू येत नव्हते. नऊ वर्षं ते बायकोला आवाजावरूनच ओळखत होते. केरात काय काय जाणार, ती यादी डॉक्टरनं आधी वाचायला हवी होती. तिनं ती नंतर वाचली, आणि तिचा चेहराच उतरला.

"काकू, कोश बसवताना हवंच ते लिहून घेतलं होतं. तुमची ओळख का नाही लिहिलीत?"

"चालणं लिहिलं, गिळणं लिहिलं, यांची जवारी लिहिली. माझं मीच कसं लिहू गं? बरं दिसतं का ते?"

डॉक्टरनं यादी पुन्हा वरपासून चाळली.

"मग परत भर की!"

"कोरी स्वरपारख भरता येईल, कधी जागा झाली तर. तुमचा आवाज तिच्या राखीव प्रतीत होता. ती आपण पुसली."

दुपारी काकूंनी मऊ भात भरवला. काकांनी घास गिळला, पुन्हा गिळला, अगदी सहज. नऊ वर्षांत इतके नीट जेवले नव्हते.

"अहो, आणखी वाढू?"

काका आवाजाच्या दिशेनं वळले आणि अदबीनं हसले.

"पुरे हो बाई. तुम्ही इथं कुणासोबत आलात?"

काकूंनी त्यांच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

"तुमच्यासोबत," त्या म्हणाल्या.