परतीची तारीख

मोडका चष्मा रुमालात गुंडाळून तो दुकानात शिरला आणि थेट आरशालाच म्हणाला, "जरा दांडी बसवून द्याल का?"

काउंटरमागे तिने कसंबसं हसू दाबलं. तसं त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. सकाळपासून ती मोबाइलवर विमानाचं भाडं बघत होती आणि भाडं उतरायचं नाव घेत नव्हतं. परदेशात दादा-वहिनीने चष्म्यांचं दुकान काढलं होतं. कायमची ये, डोळे तपासायची खोली तुझीच, असं दादा रोज फोनवर म्हणायचा. तिलाही जायचंच होतं. पायाला भिंगरी लावूनच जन्मलीस, असं आई म्हणायची, ते काही उगाच नाही.

"पुन्हा चढलं मेलं विमानाचं भाडं," स्क्रू पिळता पिळता मोबाइलकडे बघत ती पुटपुटली.

तो पलीकडच्या गल्लीत तिकिटं काढून देण्याचंच काम करत होता. त्याने सांगितलं की घडीघडी बघून भाडं उतरत नसतं, नुसता जीव टांगणीला लागतो. "म्हणतात ना, उतावळा नवरा—" एवढं बोलून त्याने जीभ चावली. तेवढ्यात चष्मा डोळ्यांवर चढला, ती त्याला पहिल्यांदा नीट दिसली आणि पुढची म्हण तो विसरूनच गेला. दुरुस्तीचे पैसे तिने घेतले नाहीत. त्या बदल्यात भाड्यावर त्याने नजर ठेवायची, असं ठरलं.

मग रोज कामावर जाताना तो दुकानाच्या काचेबाहेर थांबू लागला. अंगठा वर म्हणजे चढलं, आडवा म्हणजे जैसे थे, खाली म्हणजे उतरलं. कधी आतही यायचा, दांडी सैल झाली म्हणून. ती मुळीच सैल नसायची, पण तीही निमूटपणे स्क्रू पिळायची.

"एवढी घट्ट केलीत तर कान दुखेल."

"मग रोज कशाला येता?"

"सवय लागलीय… दांडीला."

त्याला यायला उशीर झाला की तिचं मन थाऱ्यावर नसे. एका आजोबांना तिने तीच ओळ तीनदा वाचायला लावली. दादाचा फोन आला की ती घाईघाईने विषय बदलायची. आणि एके दिवशी काचेबाहेर अंगठा वर दिसला, तेव्हा तिला चक्क आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाजही वाटली. दादाला शब्द दिला होता ना तिने…

आणि मग एका सकाळी अंगठा खाली आला. तो हसला नाही. तसाच आपल्या वाटेने निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या ऑफिसात पोहोचली. स्क्रीनवरून नजर न काढता त्याने सांगितलं की हा भाव संध्याकाळपर्यंतच आहे. शिवाय नुसतं जायचं तिकीट महाग आहे, जाऊन-येऊनचं स्वस्त पडतंय. कायमचे जाणारेही तेच काढतात आणि परतीचं सोडून देतात.

"परतीची तारीख कुठलीही टाकतो. तुम्ही थोड्याच येणार आहात?"

तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. "भाडं उतरलं हे सांगितलंच नसतंत तर मला कळलंही नसतं."

"क्षणभर वाटलं, गप्प बसावं," तो म्हणाला. "पण मग तुमच्यासमोर चष्मा काढून उभा राहिलो असतो कुठल्या तोंडाने?"

"म्हणजे मी जाऊ नये असं वाटतं?"

"वाटतं… फार वाटतं. पण अडवणार नाही."

इतके दिवस तिच्या जिवाची जी तगमग चालली होती, ती त्या खुर्चीत बसल्या बसल्या शांत झाली. दादाचं दुकान लावून द्यायला सहा महिने पुरतील, त्याला ती स्वतः समजावणार होती. तो रागावेल, वहिनी चिडवेल. चालेल.

"तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी. का?"

"मग सहा महिन्यांनंतरचा रविवार टाका. विमानतळावर न्यायला कोण येणार मला?"

त्याची बोटं कीबोर्डवर अडखळली. मग त्याने तारीख टाकली, आकडा बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "रविवारी फार चढतंय हो. मंगळवारी स्वस्त आहे…"

एवढे दिवस त्या भाड्यापायी झोप घालवलेल्या तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या चष्म्यासमोर अंगठा वर धरला.

"चढू दे," ती म्हणाली.