संपल्याची वेळ

लाईट काय लगेच येत न्हाय आता. बसा हितंच पायरीवर. आत डास फोडून खात्यात.

आमच्या शेजारच्या गाळ्यातला दस्तगीर तांबोळी आठवतोय का कुणाला? रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. ह्याच कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, माझ्या मोटार वायंडिंगच्या दुकानाला त्याची भिंत लागून. आता निपाणीला असतोय. त्याच्यावर काय गुजरलं ते त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सकाळी, हितं, ह्या पायरीवर बसून सांगितलं. आन् शेवटचं जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगतो.

साल सत्त्याऐंशी. नोव्हेंबरची एकवीस तारीख, शनिवार. कार्तिकातली अमावास्या हुती.

दस्तगीरला एक नाद हुता. घरी वायरलेस सेट ठेवून परमुलखातल्या लोकांसंगं बोलायचा. चोरून न्हवं, परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून. असल्या लोकांना हॅम म्हणत्यात. तोंडानं बी बोलता येतंय, पण दस्तगीरचा सगळा जीव मोर्सवर. तार ऑफिसात पितळी कळ असायची बघा, कट्ट कडा कट्ट... तसली. आन् ह्या नादातला त्याचा जोडीदार म्हंजे राजारामपुरीतला चमन मुजावर. तार ऑफिसातच नोकरीला. लगीन केलेलं न्हाय. थोरली बहीण खतिजा आन् हा, दोघंच घरात. ती बायकांना शिवण शिकवायची. सगळी गल्ली तिला आपा म्हणायची.

तर हा चमन ऑगस्टमधी गेला. रात्री सेटवर बसल्या बसल्या. छातीत कळ आली आन् खलास. कानाला हेडफोन, हात कळीवर. आपा शेजारच्या खोलीत झोपलेली. तिला सकाळी कळलं.

आन् त्या रात्री चमन बोलत कुणासंगं हुता? दस्तगीरसंगं. लपवायसारखं काय न्हवतं, सगळ्यांना ठावं हुतं. दोघं आपसात इंग्रजी अक्षरांत दखनी बोलायचे. बोलता बोलता चमननं कळीवर 'थांब' म्हटलं. दस्तगीर थांबला. बाहेर पाऊस धो धो. पुढं काय आलंच न्हाय. ह्याला वाटलं, राजारामपुरीतली लाईट गेली असंल. थोडा वेळ वाट बघितली, सेट बंद केला, झोपला.

बरं, आता काम काय निघालं ते ऐका.

ज्याच्यासंगं बोलणं झालं त्याला टपालानं कार्ड धाडायचं, अशी ह्या लोकांची रीत असती. चमन गेल्यावर बी कार्डं येतच राहिली. रशिया, जपान, कुठनं कुठनं. आपाच्या मनानं घेतलं, माझ्या भावाचं कार्ड सगळ्यांना गेलं पायजे, आन् तो आता न्हाय हे बी त्यांना कळलं पायजे. पण कुणाला धाडलंय, कुणाचं राहिलंय, ते सगळं कॉम्प्युटरात. कुवेतच्या मामेभावानं चमनला एक बारका कॉम्प्युटर आणून दिलता. नुसता टाइपरायटरसारखा पट्टा. टीव्हीला जोडायचा आन् प्रोग्रॅम कॅसेटवरनं भरायचा, आपल्या साध्या टेपरेकॉर्डरनं. चमननं स्वतः बसून त्यात नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम लिवलाता. कोण भेटला, किती वाजता चालू झालं, किती वाजता संपलं, कार्ड गेलं का. तोच आता चालंना.

शनिवारी संध्याकाळी आपा दुकानात आली. मी हितंच हुतो. डोळं खोल गेल्यालं, ओठ सुकल्यालं.

"दस्तगीर, जरा येऊन बघतोस?" म्हणाली. "दोघा पोरांना दाखवलं. कॉलेजात शिकत्यात, पण त्यांना जमंना."

"उद्या सकाळी येतो आपा."

"आज ये. मला झोप न्हाय रे. तीन महिनं झालं, पाठ टेकली की भिंतीपलीकडं वाजल्यासारखं हुतंय."

"काय वाजतंय?"

तिनं बोटानं काउंटरवर टकटक केलं. तिला मोर्स येत न्हवतं, पण भिंतीआडनं आयुष्यभर ऐकलेलं.

दस्तगीर जेवून, सायकल काढून गेला. पोचला तवा नऊ वाजून गेलते. चमनची खोली तशीच हुती. टेबलावर टीव्ही, त्याच्याखाली कॉम्प्युटर, बाजूला टेपरेकॉर्डर. वायरलेस सेट तेवढा न्हवता, तो बेळगावच्या एका परवानेवाल्याला देऊन टाकलाता. पितळी कळ टेबलाला स्क्रूनं आवळलेली, म्हणून राहिलेली. तिच्या वायरी कापून खाली लोंबत ठेवल्यात्या.

आपानं चहा ठेवला आन् दारात स्टूल घेऊन बसली.

पहिल्यांदा प्रोग्रॅम भरंचना. कॅसेट लावली की किर्रर्र आवाज व्हायचा, टीव्हीवर पट्टं नाचायचं आन् मधीच बंद. दस्तगीरनं टेपचं हेड बघितलं. मळलेलं. स्पिरिटच्या कापसानं पुसलं, त्याचा स्क्रू थोडा फिरवला, आवाज कमी-जास्त करून बघितला. भरला. टीव्हीवर सगळ्या नोंदी सरासरा वर गेल्या आन् शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्या.

शेवटची ओळ त्याच्याच नावाची. चालू झाल्याची वेळ हुती. संपल्याची वेळ कोरी. आन् खाली कॉम्प्युटर विचारतोय, संपल्याची वेळ द्या.

त्याशिवाय तो पुढं सरकंना, कार्डांची यादी दाखवंना.

"हे बघा आपा, एवढंच हाय," दस्तगीर म्हणला. "चमननं ओळ अर्धी टाकली, ती अडकलीय."

त्यानं त्या रात्रीची अंदाजानं वेळ घातली. कॉम्प्युटरनं घेतली. कॅसेटवर परत उतरवून ठेवली. मग चालतंय का बघावं म्हणून पुन्हा भरली. सरासरा ओळी गेल्या, शेवटची आली. संपल्याची वेळ कोरी.

दस्तगीरनं कॅसेट काढून बघितली. मागच्या बाजूचा कोपरा मोडलेला. तो मोडलेला असला की त्या कॅसेटवर नवीन काय उतरत न्हाय. तो हसला. कागदाचा बोळा कोंबला, वर चिकटपट्टी लावली. पुन्हा वेळ घातली, उतरवली, भरली.

कोरी.

नवी कॅसेट घेतली. कोरी. मग प्रोग्रॅमच काढून ओळ न् ओळ वाचायला लागला. एका जागी शून्याच्या ठिकाणी इंग्रजी 'ओ' पडलाता. सापडला, म्हणला. नीट केलं. आता हुणारच, अशी खात्री.

कोरी.

आपा दारातनं एकटक बघत हुती. दस्तगीरला ती नजर पाठीवर लागायला लागली. उठावं, घरी जावं, असं दोनदा मनात आलं. पण तिला काय सांगून उठायचं? शेवटी त्यानं ती ओळच पुसून टाकली. न ओळ राहील, न भानगड. पुसली. गेली. टीव्हीवर त्या जागी काळं.

"दस्तगीर," आपा म्हणाली. पहिल्यांदाच बोलली ती. "त्या रात्री तो शेवटचं काय म्हणला तुला?"

दस्तगीरनं मान वर केली न्हाय.

"थांब म्हणला, आपा."

"मग तू थांबलास?"

तेवढ्यात टीव्हीवर ओळ परत उमटली. त्याचं नाव. चालू झाल्याची वेळ. पुढं कोरं. कुणी काय दाबलेलं न्हवतं. दस्तगीर मला म्हणला, भाऊसो, तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. कॉम्प्युटर बिघडलेलाच न्हवता. त्याच्या हिशेबानं ते बोलणं अजून चाललंच हुतं.

त्यानं टेपरेकॉर्डरमधनं कॅसेट काढली. आता बंद करूया म्हणला.

कॅसेट हातात. टेपचं झाकण उघडं.

आन् टेप वाजायला लागला.

किर्रर्र न्हवं. बारीक, सुईसारखा आवाज. एक लांब. दोन आखूड... थांबला. परत आला. दस्तगीरनं कान दिला. त्याचंच नाव. सेटवर जे नाव लावून तो बोलायचा, ते. एकदा. दोनदा. कुणीतरी त्याला हाक मारत हुतं.

त्यानं टेपचा प्लग उपसला.

आवाज चालूच.

आपा उठली. स्टूल मागं पडलं. "तो हाय," एवढंच म्हणाली.

"आपा... तुम्ही भाईर जावा."

"तो हाय. काय म्हणतोय?"

हाक थांबली. खोलीत नुसता टीव्हीचा उजेड. मग पुन्हा वाजलं. आता हाक न्हवती. सावकाश. लई सावकाश. एक अक्षर, मग श्वास घेतल्यावानी मधी थांबायचं, मग दुसरं अक्षर. छातीवर धोंडा ठेवलेला माणूस बोलंल तसं.

आ... पा...

आपा को...

दस्तगीर वाचत हुता. न वाचून करतो काय? कानाला ती भाषा येत हुती.

उठा.

आपा को उठा.

'थांब'च्या पुढचं ते. त्या रात्री यायचं राहिलेलं. चमनला कळ आली, घशातनं आवाज फुटंना, हातात तेवढी पितळी कळ. सायकलवर टांग टाकली असती तर दस्तगीर पंधरा-वीस मिनिटांच्या आत बहिणीच्या दाराची कडी वाजवत असता. आपाला उठव, तेवढंच सांगायचं हुतं त्याला. हात पुरला न्हाय.

परत वाजलं. आपा को उठा. परत. थांबंना.

"दस्तगीर." आपानं त्याचा खांदा धरला. "काय म्हणतोय तो? माझं नाव घेतोय न्हवं? मला सांग."

दस्तगीर मला म्हणला, भाऊसो, खरं सांगितलं असतं तर ती बाई जगली नसती. ती भिंतीपलीकडं झोपली हुती न्हवं का.

तो म्हणला, "आपा, तो म्हणतोय... आपाला आता झोपू दे."

तिनं खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "त्याला सांग, बरं."

दस्तगीरनं कळीवर हात ठेवला. वायरी तुटक्या. ती कळ कशालाच जोडलेली न्हवती. ती थंडगार असायला पायजे हुती... न्हवती. आत्ताच कुणीतरी हात उचलल्यासारखी ऊबदार हुती.

त्यानं कळ दाबली. आपा जागी है. सामने खडी है.

टेपचा आवाज मधीच तुटला.

काय न्हाय. रस्त्यावर कुत्रं बी न्हाय.

मग एकच, आखूड. बास. 'कळलं' म्हणायची त्यांची खूण.

टीव्हीवर खाली तोच प्रश्न हुता. संपल्याची वेळ द्या. दस्तगीरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पावणेतीन झालेलं, तेच घातलं. ओळ पुरी झाली. लगोलग कार्डांची यादी सरासरा आली. कॅसेटवर उतरवली, परत भरली, यादी जाग्यावर.

त्यानं वळून बघितलं तर आपा खाली भिंतीला टेकून झोपलेली. तोंड उघडं, लहान पोरावानी. त्यानं चादर घातली. आन् अजान हुईपतूर तो एकेक पत्ता कार्डांवर लिवत बसला. उठून जायला पाय धजत न्हवतं, असं म्हणला.

सकाळी तो हितं आला, मला हे सगळं सांगितलं. मी खोटं कशाला बोलू, मला पुरतं पटलं न्हवतं. जागरणानं माणसाला काय बी ऐकायला येतंय. पण आपाला त्या दिवसापास्नं झोप लागायला लागली, हे खरं. कार्डं तिनं सगळी टपालात टाकली. शिवणाचा क्लास परत चालू केला. कधी भेटली की हसून बोलायची. चमन तिची चौकशी करून गेला, असं तिच्या मनानं धरलेलं. धरू दे की.

दस्तगीरनं मात्र सेट झाकून ठेवला. हिवाळा गेला, शिमगा झाला. एका रविवारी मीच त्याच्या घरी बसलोतो. त्याची बायको जुलेखा म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. एवढा नाद हुता, आता त्या खोलीत पाय टाकत न्हाईत." मी बी भरीला घातलं. चल गा, म्हटलं, मी बसतो संगं.

बसला. सेट तापला. ह्यानं कळीवर हाक मारली. मद्रासकडनं कुणीतरी उत्तर दिलं. म्हातारा हॅम हुता, दस्तगीरशी कधी बोललेला न्हवता. दस्तगीर ऐकत ऐकत मला मराठीत सांगायचा. हवा कशी हाय, पाऊस कधी येतोय, असलंच. मला बी बरं वाटलं, गाडं रुळावर आलं म्हणून.

आन् मग दस्तगीर सांगायचा बंद झाला.

"काय झालं?" म्हटलं.

"भाऊसो..." तो म्हणला. "मोर्सला बी अक्षर असतंय. आपल्या हातच्या लिवण्यासारखं. कोण लांब ओढतंय, कोण तोडतंय. जुना माणूस नाव सांगायच्या आधी हात वळखतोय."

"मग?"

"हा विचारतोय... चमन, इतकं दिवस कुठं हुतास?"

त्यानं परत आपलं नाव वाजवलं. मी दस्तगीर, कोल्हापूर. सावकाश, नीट. तिकडनं उत्तर आलं. दस्तगीरच्या कपाळावर घाम.

"काय म्हणतोय?"

"थट्टा करू नको म्हणतोय. अकरा वर्षं ह्या हाताशी बोलतोय मी, म्हणतोय."

दस्तगीरनं सेट बंद केला. कळीवरनं हात उचलला. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून मांडीवर ठेवला. तसाच बसून राहिला. जुलेखा चहा घेऊन आली, ठेवून गेली. तो काय हलला न्हाय.

मी बघत हुतो. हात घट्ट धरलेला. पण उजव्या हाताचं ते एक बोट... हलत हुतं. एक लांब. दोन आखूड. थांबायचं. परत.

आन् दस्तगीर मान खाली घालून ते वाचत हुता.