एकेचाळीस फ्रेम

माझं काम पुसण्याचं आहे. जुन्या सिनेमाची रिळं कॉम्प्युटरवर उतरवली जातात आणि मग एकेक फ्रेम समोर घेऊन मी तिच्यावरचे ओरखडे, धूळ, बुरशीचे ठिपके काढते. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दिवसभर मान मोडून बसलं तर जेमतेम दोन मिनिटांचा सिनेमा स्वच्छ होतो. घरी गेल्यावर मला भांडी घासायचा कंटाळा येतो, यात नवल नाही.

आमची चित्राची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडक्यांना काळे पडदे, चार टेबलं, आणि रिळांच्या डब्यांतून येणारा आंबूस वास, जो दोनदा केस धुतले तरी जात नाही. या खोलीत सगळं मुकं असतं. आवाजाचं काम तळघरात, वेगळ्या माणसाकडे. दोन्ही स्वच्छ झाले की मगच चित्राची आणि आवाजाची गाठ घालतात. तोवर वरच्याला खालचं ठाऊक नसतं आणि खालच्याला वरचं. बावीस वर्षं मी अशीच काम करत आले.

गेल्या वर्षी साहेबांनी माझ्या टेबलावर जो सिनेमा आणून ठेवला, तो मला तोंडपाठ होता. सिनेमा वाईट आहे, हे आधीच कबूल करते. ज्या कादंबरीवरून काढला ती मात्र अस्सल. एका घरात भिंतीवर ओलीचा डाग उमटतो. सून तो खरवडून काढते, तर दुसऱ्या दिवशी तो पुढच्या खोलीत. ती काढत राहते आणि तो सरकत राहतो, दाराच्या दिशेनं. शेवटच्या पानावर डाग दाराबाहेर पडतो. घर ठणठणीत कोरडं होतं आणि आत कोणीच उरलेलं नसतं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आठवडाभर भिंतीला पाठ टेकली नव्हती.

सिनेमावाल्यांना ओलीतलं भय काही दाखवता येईना, म्हणून त्यांनी रबरी मुखवट्याचं भूत आणलं. त्याच्या मानेपाशी शिवण दिसते. वटवाघूळ येतं ते दोरीला लोंबकळत. शेवट तर पार उलटा केला: दार उघडतं, हरवलेला थोरला मुलगा हसत उभा, आई धावत जाऊन त्याला मिठी मारते, समाप्त. कादंबरी वाचलेली माणसं या शेवटाचं नाव काढलं की कपाळाला हात लावतात. कादंबरी थोर आहे हे मीही मानते, पण जीव माझा सिनेमावर. आपला तो बाब्या, दुसरं काय!

त्यात माझा दादा आहे. तो लाइटवाल्यांच्या हाताखाली होता. चौथ्या रिळात नायिका आरशासमोर केस विंचरते, तिथे आरशाच्या कोपऱ्यात उजेड परतवायचा पांढरा बोर्ड धरून उभा असलेला एक तरुण दिसतो. दिसायला नको होता, पण त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. एकेचाळीस फ्रेम, म्हणजे पावणेदोन सेकंदसुद्धा नाहीत. शूटिंग संपल्यावर आठव्या दिवशी, भर दुपारी, ‘येतो गं’ म्हणून तो घराबाहेर पडला, तो गेलाच. एकोणतीस वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही, प्रेतसुद्धा नाही. घरात त्याचे फोटो आहेत, पण आरशातला दादा हलतो. बोर्ड या हातातून त्या हातात घेतो.

आई ब्याऐंशी वर्षांची होती. रोज चार वाजता चहाचा कप घेऊन ती डीव्हीडी लावायची, आरसा आला की थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. भुताची तिला कधी भीती वाटली नाही. “रबरात घामानं भिजला असेल गं मेला,” असं ती त्याच्याबद्दल म्हणायची.

साहेबांनी सिनेमाबरोबर चुकांची यादी दिली होती. वटवाघळाची दोरी, माइकची सावली, भुताची शिवण. सातवी ओळ होती, आरशातला माणूस.

“हा राहू दे ना, साहेब,” मी म्हटलं. “कोणाला दिसतोय तो?”

“तुम्हाला दिसला ना?” साहेब म्हणाले. “ज्यांचा सिनेमा आहे त्यांनीच लिहून पाठवलंय, बाई. तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला देतो.”

दुसऱ्या कोणी त्याला पुसावं, हे मला सोसलं नसतं. एक दिवस रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी बसले. शेजारच्या फ्रेममधली कोरी भिंत उचलायची आणि माणसावर चिकटवायची, एकेचाळीस वेळा. डोळे सारखे भरून येत होते, त्यामुळे एका ठिकाणी हात चुकला आणि भिंतीवरची चीर दोनदा उमटली. घरच्या डीव्हीडीत तो आहेच, अशी मनाची समजूत घालत मी काम संपवलं. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर आई टीव्हीसमोर तशीच बसलेली. चहावर साय धरली होती.

“आरशात नाही गं तो,” आई म्हणाली.

मी तिच्या हातातून रिमोट घेतला. डीव्हीडी नऊ वर्षांपूर्वीची, तिला कोणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. नायिका केस विंचरत होती. आरशाच्या कोपऱ्यात कोरी भिंत होती आणि भिंतीवर एकच चीर दोनदा उमटली होती. ती चूक माझी होती, त्याच दुपारची.

“पुढे बघ,” आई म्हणाली.

पाचव्या रिळात जिना आहे. हा सिनेमा मी दोन-तीनशे वेळा तरी पाहिला असेन आणि त्या जिन्यावर नायिकेखेरीज कोणी नसतं, हे मी शपथेवर सांगते. दादा खालच्या पायरीशी उभा होता. आरशात दिसायचा त्यापेक्षा मोठा. हातात तोच पांढरा बोर्ड. मी फ्रेम मोजल्या. एकेचाळीस भरल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रतीतही तो तिथेच होता आणि टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती: ‘जिन्यापाशी माणूस आहे. हा कसा राहिला?’

पुसला. तीन दिवसांनी तो सहाव्या रिळात, मधल्या खोलीत सापडला. आता चेहरा ओळखू येत होता. उजव्या भुवईवरची खोक दिसत होती, जी माझ्यामुळे पडली होती. ओठ हलत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या काळी आवाज मागाहून भरायचे, त्यामुळे सेटवर सगळे खुशाल गप्पा मारायचे, आणि दादा तर मुलखाचा बडबड्या. कोणाशी बोलत असेल, एवढंच मनात आलं आणि क्षणभर बरंही वाटलं.

आईला घरी बसून सगळं कळत होतं.

“तू पुसतेस आणि तो पुढे सरकतो, असंच ना?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“मग पूस. थांबू नकोस. शेवटी दार आहे ना सिनेमात? थोरला घरी येतो ना?”

“आई, तो शेवट खोटा आहे. कादंबरीत तसं नाही.”

“कादंबरीला काय कळतंय?” आई म्हणाली.

मला कादंबरीचं शेवटचं पान आठवलं. नाही आठवलं असं म्हणाले तर खोटं ठरेल. चांगलं आठवलं आणि तरीही मी ते बाजूला सारलं. एकोणतीस वर्षं लोकांनी त्या शेवटाला हसावं आणि मी गुपचूप त्यावर रडावं, असं चाललं होतं. दार उघडतं आणि मुलगा उभा असतो. तो शेवट खरा व्हावा असं मला आईइतकंच वाटत होतं. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय, ते मला आता विचारा.

आईनं खुर्ची टीव्हीसमोरून उचलून दारापाशी नेली. दार दिवसभर सताड उघडं ठेवायला लागली. मीही तिला अडवलं नाही.

सातव्या रिळात तो व्हरांड्यात होता, माझ्या वितीएवढा. बोर्ड हातात नव्हता. पुसला.

आठव्यात तो दाराशी आला.

सिनेमातला थोरला हसत उभा असतो, त्याच्या खांद्यामागे. इतके दिवस दादा कुठेतरी बाजूला बघायचा. आता सरळ माझ्याकडे बघत होता. ओठ भराभर हलत होते आणि मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होती. नाही म्हणताना हलते तशी.

कोणाला तरी नको म्हणत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

एकेचाळिसावी फ्रेम पुसली तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. पुढे रीळच नव्हतं. मी घरी फोन केला.

“झालं,” मी म्हटलं.

“बरं,” आई म्हणाली. “दार उघडंच आहे.” तिचा आवाज मुलीसारखा झाला होता.

मी पर्स उचलत होते, तेवढ्यात तळघरातून बोलावणं आलं. आवाजाचं बघणारे गृहस्थ साठीचे आहेत. आम्ही त्यांना कानसेन म्हणतो, आणि ते त्यांना आवडतं.

“ताई, कादंबरी वाचलीये ना तुम्ही?” त्यांनी विचारलं. “त्यात चिमी कोण आहे?”

मी दाराची कड धरली. मला चिमी म्हणणारी जगात दोनच माणसं, आई आणि दादा.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “का?”

“एका माणसाचा आवाज आहे. संहितेत नाही. एका रिळातून काढला की पुढच्यात. वैताग आला नुसता. टाकून दिलं नाहीये, तुकडे बाजूला ठेवलेत. ऐका.”

त्यांनी बटण दाबलं.

“चिमे,” दादा म्हणाला. एकोणतीस वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. तो हसत होता. “मी बरा आहे गं इथं. राहू दे मला.”

“हा चौथ्या रिळातला,” कानसेन म्हणाले. “पाचव्यातला ऐका.”

“चिमे, पुढे ढकलू नको.”

“सहाव्यातला.”

“चिमे, ऐकतेस ना? पुढे ढकलू नको गं.”

सातव्यात तो धापा टाकत होता. शब्द कळत नव्हते, फक्त माझं नाव कळत होतं.

आठव्यात त्याचा आवाज अगदी स्पष्ट आला.

“चिमे, आई दारात बसलीये. हात जोडतो तुला, पुढे ढकलू नको.”

तो पाचही वेळा बोलत होता आणि मी मुक्या खोलीत बसून त्याला पुसत होते. साहेबांची यादी घेऊन, चष्मा पुसून पुन्हा लावून, नेटकं काम करत होते.

“आणि हा आत्ताचा,” कानसेन म्हणाले. “तासाभरापूर्वी नव्हता. समाप्तच्या पाटीनंतर पडदा काळा होतो, त्यावर आहे.”

आधी नुसताच श्वास होता. कोणीतरी जिने चढून आल्यासारखा. मग खुर्ची सरकली.

“आलास?” आईचा आवाज आला. “थांब, चप्पल घालते.”

“ही बाई कोण आणि?” कानसेन म्हणाले.

मी घरचा फोन लावला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला.

रिंग माझ्या कानात वाजली, आणि स्पीकरमध्येही वाजली.

स्पीकरमध्ये ती जवळच वाजत होती, आमच्या बाहेरच्या खोलीत वाजते तशी खणखणीत. चपला फरशीवरून सावकाश घासत गेल्या. फोनकडे कोणी वळलं नाही.

मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर रिंग बंद दाराआडून आल्यासारखी दबकी ऐकू येऊ लागली.