तीन आट्यांचा राग

तो मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा माझ्या बाबांच्या गाडीचं कार्बोरेटर त्याच्यासमोर चकचकीत होऊन बसलं होतं, आणि मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

काकांनी मला न विचारता गाडी गॅरेजात पाठवली होती. वर्षभर उभी आहे, साफ करून घेऊ, म्हणे! मी धावत पोचले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"या स्क्रूवर लाल ठिपका होता. कुठे गेला?"

"तो होय..." मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "मला वाटलं, गाडीचा रंग उडालाय. धुऊन टाकला."

"धुऊन टाकला! माझं नेलपॉलिश होतं ते. बाबांनी इंजिनाचा सूर लावला, की स्क्रू जिथे थांबेल तिथे मी खूण करायचे!"

माझा आवाज चिरकला. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की आई नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि हॉर्नच्या आधी फाटक उघडायची. मला तो आवाज परत हवा होता. आणि हा शहाणा हात पुसत होता!

"तीन आटे," तो म्हणाला.

"काय?"

"काढण्याआधी स्क्रू शेवटपर्यंत आवळून फेरे मोजले होते. तीन भरले. तसाच परत लावतो."

राग ओसरायला हवा होता. पण त्याने मोजले होते हे मला आवडलं, म्हणून आणखीच राग आला.

त्याने कार्बोरेटर बसवून तीन आट्यांवर स्क्रू लावला. गाडी सुरू झाली, गुदमरली, काळा धूर ओकून बंद पडली.

"वाट लावलीस तू गाडीची!"

"तू?" त्याच्या भुवया वर गेल्या.

"हो, तू! तक्रार आहे?"

"छे..." तो हसला. गालावर ग्रीसचा फराटा होता आणि तो त्याला शोभत होता. भांडताना असलं काही दिसू नये, पण दिसलं.

"हे कार्बोरेटरखालचं जुनं गॅस्केट बघा, चिरलेलं. इथून जादा हवा आत शिरायची, म्हणून तुमचे बाबा हा स्क्रू सोडून, पेट्रोल वाढवून सूर सांभाळायचे. नवीन गॅस्केटला तीन आटे जास्त होतात."

"म्हणजे आवाज गेला." माझे डोळे भरले. त्याच्यासमोर! याचाही राग आला.

त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "मी तो आवाज कधी ऐकलेला नाही. तुम्ही ऐकलाय. तुम्हीच लावा ना..."

मी हिसकावूनच घेतला. त्याने गाडी सुरू केली. मी डोळे मिटले आणि स्क्रू हळूहळू आवळत गेले. धाप कमी झाली. अजून जरा... इंजिन एकसारखं चालू लागलं, पण फार घाईत.

"बाबांची गाडी अशी धावत नव्हती. रेंगाळायची."

त्याने माझा हात अलगद बाजूच्या स्क्रूकडे नेला. "हा वेगाचा. सोडा, थोडासाच."

सोडला. आवाज खाली उतरला, जाड झाला, आणि—

"थांब," मी म्हणाले. माझी बोटं त्याच्या हातातच राहिली होती. दोघांनीही सोडवली नाहीत.

घरापर्यंत तो शेजारी बसून आला. गाडीत काही अडलं तर, असं म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी मी वेग कमी केला. हॉर्नला हात लावला नाही.

आई फाटक उघडून उभी होती. चष्मा कपाळावर, ओले हात पदराला पुसत. नुसती गाडीकडे बघत राहिली.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तो हळूच म्हणाला, "आता तरी गेला का राग?"

"मुळीच नाही. ठिपका पुसलायस तू माझा. उद्या नेलपॉलिश घेऊन येणार आहे, आणि भांडणार आहे."

"परवा?"

"परवाही. रोज. चालेल तुला?"

"चालेल," तो म्हणाला. मग जरा अडखळला. "...तू ये."