काळ्या खळग्याच्या अलीकडे

माळढोकाच्या मादीचा एक ओळखू येईल असा फोटो घेऊन रविवारी संध्याकाळच्या आत परतायचं, मोहीम एवढीच होती. सोमवारी यंत्रं येणार होती. झाडं लावण्यासाठी अक्कलकोटच्या अंगाचा तो सगळा गवताळ माळ खणला जाणार होता. आणि जिथे खड्डे पडतात तिथे माळढोक पुन्हा पाय ठेवत नाही. फोटो मिळाला तर खणणं थांबणार होतं.

फाल्गुनात काळ्या खळग्यात मादी पाहिल्याचं अप्पांनी वनखात्याला लिहून दिलं होतं. त्यावर शेरा पडला, 'शंकास्पद. निरीक्षकाचे वय बहात्तर.' पंधरा दिवसांनी अप्पा गेले. त्यांना माती दिल्यावर त्यांची मुलगी सिद्धेश्वरी पुण्याला परत गेलीच नाही.

अप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फोरमन होते. काम कागदावर उतरल्याशिवाय ते कुणाला पान्याला हात लावू देत नसत. काय करायचं, कुठपर्यंत करायचं, कुणी करायचं, कशानंतर काय, काय बिघडू शकतं आणि कधी थांबायचं. सिद्धेश्वरी पुण्यातल्या कंपनीत नवख्यांना हेच शिकवायची, फक्त मोठमोठ्या शब्दांत. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या अप्पांच्या घरी बसून तिने तसाच एक कागद केला. फोटो उदयसिंह काढणार. तो अप्पांच्या हाताखाली काम शिकलेला, आता सुट्टीत पक्ष्यांमागे हिंडणारा. वाट दाखवणार गुरप्पा. साठीचा मेंढपाळ, त्याच माळावर वाढलेला. गाडीच्या आवाजाने मादी उडाली असती, म्हणून सगळं पायी. शनिवारी पडक्या विहिरीपर्यंत, रविवारी पहाटे खळगा, आणि कुठेही असलो तरी नऊला माघारी. वैशाखातलं ऊन नऊनंतर माणसाला सोडत नाही. शेवटचा निर्णय सिद्धेश्वरीचा.

"काका, विहिरीला पाणी असेल ना?" तिने विचारलं.

"हाय की," गुरप्पा म्हणाला.

तिने कागदावर 'पाणी' या शब्दापुढे खूण केली.

शनिवारी उजाडता उजाडता तिघं माळावर शिरले. गवत गुडघ्यापर्यंत, वाळून सोनेरी झालेलं, आणि त्यावर वारा असा फिरत होता की सगळा माळ कूस बदलतोय असं वाटावं. लांडग्याचे ताजे ठसे दिसले. चंडोल उंच जाऊन गात होते. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास आला.

मग पूर्वेच्या ओढ्यापाशी तिला एक पीस सापडलं. तपकिरी, काळ्या नक्षीचं. ओढाही बघून घेऊ, ती म्हणाली, अर्ध्या तासाचं तर काम.

उदयसिंह थांबला. "ताई, ओढा कागदावर नाही. फोरमनसाहेबांनी हाकललं असतं मला."

"ते नाहीत आता," ती म्हणाली. ती ओढ्यात उतरली.

अर्ध्या तासाचे तीन तास झाले. ओढ्यात वाळू होती आणि काटे होते. पीस घारीचं निघालं. दुपारी वावटळ उठली! तोंडात माती, डोळ्यांत माती. तिघंही गवतात पालथे पडून राहिले. उठले तेव्हा प्रत्येकाच्या चार लिटरांतलं तीन लिटर पाणी संपलेलं होतं. विहिरीची आशा नसती तर ती तिथूनच वळली असती.

सूर्य कलता असताना ते विहिरीवर पोचले. सिद्धेश्वरीने दगड टाकला. ठक्क! तळाला कोरडा खडक.

गुरप्पा खाली बघत उभा होता. विहीर दिवाळीतच आटली होती, हे त्याने आता सांगितलं.

"मग हाय की का म्हणालात?"

"अप्पा गेलेलं घर," तो म्हणाला. "वरीसभर त्या घरला न्हाय म्हनू नये, आमच्यात तशी रीत हाय. वाटलं, लेकीचं मन हाय, दोन कोस चालंल आन् माघारी फिरंल. आपल्या वाटचं पानी दिऊ की तिला."

तिला त्याचा राग आला नाही. पाणी असेल ना, असं विचारलं होतं तिने. उत्तर स्वतःच प्रश्नात घालून दिलं होतं. समोरच्याला नाही म्हणता येईल असं विचारा, हे तर ती नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगायची.

पहाटे तिघांत मिळून दीड लिटर उरलं होतं. शहाणपण माघारीत होतं, हे तिला कळत होतं. पण खळगा दीड कोसावर आणि यंत्रं उद्या. ते पुढे निघाले. दर शे-दोनशे पावलांवर बसावं लागत होतं. जीभ टाळ्याला चिकटू लागली. नऊ वाजले तेव्हा समोर शेवटचं टेपाड होतं; पलीकडे खळगा. अर्धा तास, फार तर. तिने घड्याळावर बाही ओढली.

आणि मागे धप्प असा आवाज झाला.

गुरप्पा पडला होता! अंग तापलेलं, कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे फिरलेले. त्याची बाटली हातात घेतली तर ती पहाटेइतकीच भरलेली. सकाळपासून तो नुसती तोंडाला लावत होता.

त्यांनी त्याला बाभळीखाली ओढलं. उरलेलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं. उपरण्याने वारा घातला. बऱ्याच वेळाने त्याची नजर ठरली.

"मी बसतो यांच्यापाशी," उदयसिंह म्हणाला. "कॅमेरा घ्या. तासाभरात या."

सिद्धेश्वरीने टेपाडाकडे पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं काहीतरी त्याच्या पलीकडे होतं, किंवा नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली.

"काका, मी तासभर गेले तर तुम्ही तग धराल का, की नाही धरणार? मनात असेल तेच सांगा."

गुरप्पाचे ओठ हलले. ती वाट बघत राहिली.

"इल्ला, अक्का," तो कानडीत म्हणाला. नाही.

तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

घोंगड्याची झोळी केली. शंभर पावलं, खाली ठेवायचं. शंभर पावलं, पुन्हा खाली. खांदे सोलले. उदयसिंह दोनदा कोसळला. तिला रडू येत होतं, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं. दुपार टळता टळता एका चढावर फोनला रेंज आली आणि तासाभराने गावाकडून ट्रॅक्टर येताना दिसला. तिघंही जगले!

सोमवारी यंत्रं आली. बुधवारी ती बघायला गेली. दोऱ्या लावून आखलेल्या रांगा, प्रत्येक खड्डा सारख्याच अंतरावर. पाण्याचा टँकर सावलीत उभा. फलकावर कोणतं काम, कुठून कुठपर्यंत, कुणाकडे, सगळं नीट लिहिलेलं. कशाचीच खोट काढता येईना. टेपाडाच्या पलीकडे खळगा होता, आणि खळग्यातही खड्डे होते. ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच काम संपलं होतं.

तिथून ती सोलापूरच्या दवाखान्यात गेली. गुरप्पा खाटेवर उठून बसला होता. हाताला सलाईन, चेहरा निम्मा झालेला. तिला बघताच त्याने विचारलं, "खळग्यात मादी व्हती का, अक्का?"

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काय ऐकायचंय ते तिला दिसत होतं.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली. "आपण पोचलोच नाही."

गुरप्पाने मान हलवली आणि आडवा होऊन हळूच भिंतीकडे कूस वळवली. ती खुर्ची ओढून तिथेच बसली.