पिवळ्या चौकटीतली आई

पडद्यावर सोयाबीनवरच्या किडीची माहिती देणारे गृहस्थ हळूहळू विरळ होत गेले आणि त्यांच्या छातीतून एक दार दिसू लागलं.

"ही तळछाप, ताई," फिरोज शिकलगार म्हणाला. सांगलीच्या एका खासगी चित्रफीत संग्रहालयात तो हे यंत्र चालवत असे. "तेव्हा टेपा कमी. एका कार्यक्रमावर दुसरा चढवायचे. पण पहिल्याची चुंबकीय खूण खाली उरते, ती हे उपसून काढतं. खूणच नसेल तिथं अंदाजानं भरतं. भरलेल्या भागाभोवती पिवळी चौकट येते. तेवढं ध्यानात ठेवा."

वैजयंतीने मान हलवली. किडीच्या कार्यक्रमाखाली दबलेलं, एका जुन्या भयकथेवरचं हे नाटक टीव्हीवर एकदाच लागलं होतं, तिच्या जन्माआधी. मेलेली बायको तिन्हीसांजेला घरी येते. आपण मेलोय हे तिला ठाऊक नसतं. नवरा ते सांगतो, तेव्हा ती "जाते" म्हणून निघते. ती बायको झाली होती वैजयंतीची आई.

"दिग्दर्शक ओरडला, पण मी 'येते'च म्हटलं," आई नेहमी सांगायची. "घरातून निघताना 'जाते' म्हणतं का कुणी?"

चार महिन्यांपूर्वी इस्पितळात मात्र वैजयंतीचा हात सोडत आई म्हणाली होती, "जाते गं."

वैजयंतीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तो जुना शब्द ऐकायचा होता. आवाजाचा नमुना म्हणून तिने आईचे फोनवरचे निरोपही यंत्राला दिले होते.

दार उघडलं. सव्वीस वर्षांची आई उंबऱ्याशी थांबली. चौकट नव्हती. मान अर्धी वळलेली. ओठ हलले, आवाज आला नाही.

"इथला आवाज पार गेलाय," फिरोज म्हणाला. "ओठांवरून यंत्राला 'येते' आणि 'जाते' दोन्ही पटतात. 'येते' घालू?"

"नको. काहीच घालू नका."

आई पाठमोरी झाली. निघणाऱ्या माणसाला म्हणावं तसं वैजयंतीच्या तोंडून सहज गेलं, "ये."

पडद्याभोवती पिवळी रेघ उजळली. आई वळली.

"अरेच्चा, माईक चालूच राहिला!" फिरोज गडबडला. "टेप संपलीय, ताई. हे तुमचं ऐकून बनवतंय."

"वैजू," आई म्हणाली, फोनवरच्या त्याच दमलेल्या आवाजात. "आत येऊ?"

फिरोजचं बोट बटणावर होतं. "खोटं आहे हे. बंद करतो ना?"

तिलाही ते ठाऊक होतं. पण उंबऱ्यात ताटकळलेल्या आईला, ती मेली आहे हे, आता कुणी सांगायचं?