फक्त जुन्या ब्राउझरवर

परभणीत स्टेशनजवळ बिरदेवचं सेवा केंद्र. तिथं दैवशाला पहिल्यांदा आली ती बँकेच्या नावानं बोटं मोडतच. पिंगळीतल्या एका बचत गटाची ती सचिव. गटाचं स्टेटमेंट काढायला गेलं, की मोबाईल सांगे, या ब्राउझरवर साइट चालणार नाही. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला, तर तोही नापास.

बिरदेवनं मुकाट्यानं कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. या बँकेच्या गिऱ्हाइकांसाठी त्यानं तो मुद्दाम अपडेट केला नव्हता. साइट उघडली अन् दैवशाला त्याच्याकडे बघून हसली... संपलं. तिथून पुढं गड्याचं डोकं काही ठिकाणावर राहिलं नाही.

शुक्रवारी गटाची बैठक, म्हणून ती दर गुरुवारी यायला लागली. काम पाच मिनिटांचं, पण बाई तासभर बसायची. कधी कपाळावरचे केस मागं सारायची, कधी चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसतीच त्याच्याकडं बघायची. ही कामाला येते, की — पुढचं वाक्य बिरदेव मनातसुद्धा पुरं करत नसे. उगाच आपला गैरसमज व्हायचा.

एका बुधवारी त्यानं सहज नव्या कॉम्प्युटरवर बँकेची साइट टाकली, तर ती उघडली. मोबाईलवरही उघडली. बँकेनं जुन्याच ब्राउझरची अट काढून टाकली होती. सांगावं, तर ती इथं कशाला येईल? न सांगावं, तर बिचारीला दर आठवड्याला फुकटची खेप. दिवसभर त्याला काही सुचेना. दोन गिऱ्हाइकांना त्यानं एकमेकांचे कागद देऊन टाकले.

गुरुवारी ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच त्यानं एका दमात सांगून टाकलं.

"ते मला माहीत हाय," दैवशाला शांतपणे म्हणाली. "महिना झाला, माझ्या मोबाईलवर उघडायलीय."

बिरदेवनं माउस सोडून खुर्ची तिच्याकडं वळवली. "मग तुमी... इतक्या खेपा कशाला घालायलाव?"

"तुमाला लय उशिरा कळतं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता बँकेचं निमित्त बी संपलं. पुढच्या गुरुवारी येऊ का नको, ते तुमीच सांगा."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण आनंद झाला, की घाबरायला झालं, हेच त्याला कळेना.

"गुरुवारपर्यंत नका थांबू," तो कसाबसा म्हणाला. "उद्या बैठक उरकली, की लगेच या."